पट्ट्यात पडलेल्या दोन मुठी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. तसं माझं तोंड किती सैल आहे ते रिठदच्या आमच्या आळीला विचारा — कुणाची कढी फाटली तरी बातमी माझ्याच ओट्यावरून निघते. पण ही एक गोष्ट दाताखाली धरून बसले. आता दातच उरले नाहीत.

तेव्हा मी पंचावन्नची होते. नातवंडं झालेली — आणि अक्कल? तेव्हाची ती बाई आज समोर आली तर मी तिला दारातूनच हाकलीन.

इंदू माझी धाकटी जाऊ. दीर वारला तेव्हा सगळे धरूनच चालले होते की तिचं वावर आता आमच्याकडं येणार. ती म्हणाली, मी करीन. आणि केलं की! विहिरीची मोटर, ओलिताचा गहू, सगळं एकटीनं. मला ते सलायचं. काय सलायचं? — हेच, की वावरात काय पेरू असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी शहरातून एक शिकलेली पोरगी आली. तिच्याकडं दांडीला लावलेलं यंत्र होतं. गव्हावर धरलं की उजेड टाकायचं आणि पीक किती हिरवं ते आकड्यात सांगायचं. तिनं इंदूचंच वावर निवडलं. चहाही तिच्याकडंच प्यायची. पेरणी झाल्यावर एक पट्टा आखून ती म्हणाली, "यात भरपूर युरिया टाका. हा पट्टा पोटभर जेवलेला राहील. पुढं बाकीचा गहू याच्याएवढाच हिरवा निघाला, तर त्याला खत नको. फिका निघाला, तर द्यायचं."

आमच्या घरात रीत होती — खताची पहिली मूठ सवाशिणीनं टाकायची. इंदूनं मला बोलावलं. मी म्हटलं, "पट्टा मीच पुरा करतो. तुहा हात कायले लावतं त्याले?"

ती मोटर सुरू करायला विहिरीकडं गेली.

मी दोन मुठी फेकल्या. दोनच. उरलेला युरिया ओटीत भरला — हो, ओटीतच — आणि माझ्या लसणाच्या वाफ्यांवर नेऊन ओतला.

चाळीसेक दिवसांनी यंत्र आलं. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बाया जमल्या. मीच ओरडले, "काहून वं, गव्हाले ताप हाय का पाहून राह्यली?" सगळ्या हसल्या. पट्टा आणि बाकीचा गहू — आकडा जवळपास सारखाच. दोघंही सारखेच उपाशी. यंत्र बिचारं काय सांगणार? खत नको, एवढंच. पोरीनं एक पान चिमटीत धरलं. माझ्याकडं वळली.

"काकू, पट्ट्यात खत पडलं होतं ना?"

"पडलं नं. ह्याच हातानं टाकलं."

इंदूनं मान डोलावली. दोन मुठी तर पडल्याच होत्या, खोटं कुठं बोलले — असं मनाला किती वर्षं सांगितलं म्हणता?

गाव म्हणत होतं, युरिया दे. इंदू म्हणाली, यंत्र कायले खोटं बोलंन? गहू पिवळा पडला. ओंब्या करंगळीच्या पेराएवढ्या. त्या पोरीला लोकांनी इतकं चिडवलं की ती पुन्हा फिरकली नाही. इंदूनं मात्र कुणाला दोष दिला नाही. म्हणाली, "माह्याच हाताची पेरणी व्हती." वावर आम्हाला बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं. पुढच्या साली आम्ही युरिया घातला, गहू कमरेला लागला. आमचे हे तिच्यासमोरच म्हणाले, "वावर चांगलंच व्हतं. हात वाईट व्हता." मी तेव्हा भाकरी वाढत होते. वाढतच राहिले.

त्यानंतर तिनं बियाण्याला हात लावला नाही. लग्नघरी पापडाच्या पिठालाही नाही. कुणी आग्रह केला, तर हात पदराखाली घ्यायची.

लसूण? पात नुसती माजली. गड्डे हरभऱ्याएवढे.

आता आमचे हेही गेले. मीही सवाशीण नाही. माझ्या हाताला मात्र कुणी वाईट म्हटलं नाही. इंदू अंथरुणाला खिळली तेव्हा मीच तिला पेज भरवायचे. एका सकाळी तिनं माझं मनगट धरलं.

"जाऊबाई, तुमच्या हाताले बरकत हाय."

मी म्हटलं, "हाय नं."

चौथ्या दिवशी ती गेली. ते वावर अजून आम्हीच पेरतो.