उशांना टेकून घेतलेला चहा
परवा डोळे तपासायला गेले, तिथे टेबलावर नेत्रवैद्यकाचं नवं कोरं मासिक पडलं होतं. त्या गुळगुळीत कागदाचा वास आला आणि चेंबूरचं आमचं डोळ्यांचं छोटं हॉस्पिटल आठवलं. पन्नासच्या दशकात मी तिथे नर्स होते. मोतीबिंदू काढला की तेव्हा दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून पेशंटला दिवसेंदिवस उताणं निजवत. माहुलची एक म्हातारी कोळीण तशीच पडली होती. पाठ धरलेली, घास गिळवेना. 'जरा उठव गो बाय,' म्हणून ती रडायची आणि 'रडलीस तर डोळा जाईल,' म्हणून मी तिला दटावायची. त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांकडे विलायतेहून नवं मासिक आलं. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून त्यातला एक लेख मराठीत सांगितला : डोळ्याला टाके घातले असतील तर पेशंटला लवकर बसवायला हरकत नाही. 'आपणही टाके घातलेत ना,' ते म्हणाले. 'पण जखम उघडली तर?' मी विचारलं. 'मलाही भीती वाटते, सिस्टर. पण तिचे हाल बघवत नाहीत. चला.' त्यांनी स्वतः तिची मान सावरली, मी पाठीशी उशा रचल्या. बसल्याबरोबर तिनं मोठा श्वास सोडला आणि चहा मागितला. पुढे पट्टी सुटली तेव्हा डोळा स्वच्छ होता. 'तूच ना गो ती दटावणारी?' म्हणत तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. आता माझाही मोतीबिंदू काढायचाय. 'ऑपरेशन झालं की चालत घरी जा, आजी,' तरुण डॉक्टरीण सहज म्हणाली आणि माझे डोळे का भरून आले, ते तिला कळेना.