वाळू पेंटरच्या घराची पाठ

निवडणूक आली की गंगापूर रोडच्या मागच्या गल्ल्यांतल्या भिंती आपल्या राहत नसत. रात्री कोरी असलेली भिंत सकाळी चुन्याने पांढरी झालेली दिसायची आणि दुपारपर्यंत तिच्यावर कोणाला तरी 'प्रचंड मतांनी विजयी करा' असा हुकूम सुटलेला असायचा. घरमालकाला कोण विचारतो! मला याचा भयंकर राग यायचा. पण वाळू पगारेचं टपोरं अक्षर पाहिलं की राग टिकायचा नाही, उलट मीच त्याला चहा विचारायचो.

वाळू राहायचा वकीलसाहेबांच्या बंगल्यात. म्हणजे बंगल्यात नव्हे, मागच्या कोपऱ्यातल्या नोकरांच्या खोलीत. त्याची बायको लंकाबाई बंगल्यावर धुणीभांडी आणि स्वयंपाक करायची, त्या बदल्यात ही खोली मिळालेली. एक दार, वर पत्रा, मागच्या बाजूने सगळं बंद. पण विजेचा दिवा होता, आणि लेक त्या वर्षी दहावीला होती. परीक्षा अगदी तोंडावर आलेली. खोली गेली असती तर बिऱ्हाड गावाकडे न्यावं लागलं असतं आणि पोरीचं शिक्षण तिथेच आटोपलं असतं.

मी शाळेत इतिहास शिकवतो. एकदा वाळूला सांगितलं, "अरे, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांच्या पाँपेई शहरातही निवडणुकीच्या जाहिराती अशाच भिंतींवर रंगवायचे. आणि तिथल्या नोकरांच्या खोल्याही तुझ्या खोलीसारख्याच अंधाऱ्या."

"त्यांच्यातबी घरधन्याला इचारत नसत का?"

"बहुतेक नसावेत."

"मंग आमचं बरोबर हाय, मास्तर," तो म्हणाला आणि पुढची भिंत रंगवायला गेला.

पंच्याऐंशी सालच्या विधानसभेला वकीलसाहेब स्वतःच अपक्ष उभे राहिले. भिंती रंगवणं त्यांना गावंढळ वाटायचं, म्हणून त्यांनी पोस्टरं छापून घेतली. वाळूला म्हणाले, "तू कोणाचंही काम घे, माझी हरकत नाही. माझ्या भिंतीला मात्र हात लावलास तर त्याच दिवशी खोली खाली करायची." वाळूने भिमाजीआण्णांचं काम घेतलं. आण्णाही अपक्षच, आणि त्यांचं नाव काढलं तरी वकीलसाहेबांचा पारा चढायचा.

अपक्षांना चिन्ह उशिरा मिळतं. म्हणून पेंटर लोक आधी नाव लिहून मोकळे होत आणि शेजारी चिन्हासाठी मोठा गोल कोरा सोडत. त्यांच्यातला आणखी एक नियम फार कडक होता. नाव लिहिलेली भिंत मतदानापर्यंत कोणा पेंटरने पुसायची नाही. जो पुसेल त्याला पुन्हा कोणी काम देत नसे, शिडीसुद्धा देत नसे.

बंगल्यामागे बाभळी तोडून नुकतीच नवी गल्ली काढली होती. वाळूने सकाळीच तिथल्या सगळ्या भिंतींना ओळीने चुना मारला आणि एका टोकापासून लिहीत सुटला. मी समोरच्या माडीवरून बघत होतो. शेवटच्या भिंतीवर नाव झालं, गोल झाला, आणि भिंतीच्या आतून एका पोरीचा खणखणीत आवाज यायला लागला. ती इतिहासाचा धडा पाठ करत होती. वाळूचा ब्रश हवेतच राहिला. आवाज त्याच्या लेकीचा होता.

हसू नका. त्याची वाट रोजची पुढच्या फाटकातून, आणि मागची ही बाजू आजवर बाभळींत बुडालेली; मलाही ती ओळखू आली नव्हती. आपल्या घराची पाठ आपण तरी कधी बघायला जातो?

मी खाली धावलो. वाळू शिडीपाशी मटकन बसला होता. "मास्तर, माझ्याच हातानं पोरीचं वाटोळं केलं," तो म्हणाला. त्याला काही सांगावं तोवर वकीलसाहेबांची प्रचाराची जीप गल्लीत शिरली. त्यांनी उतरून चष्मा लावला आणि आपल्याच भिंतीवर भिमाजीआण्णांना विजयी करण्याचं आवाहन पूर्ण वाचलं.

"कोणी केलं हे?"

"म्या केलं, साहेब. तुमची भिंत हाय हे ध्यानातच आलं नाय."

"आत्ताच्या आत्ता पुस. नाहीतर आज खोली खाली कर."

वाळूने चुन्याच्या बादलीकडे पाहिलं, पण हात पुढे जाईना. पुसावं तर धंदा बुडाला, न पुसावं तर खोली गेली. मला वकीलसाहेबांचा असा संताप आला की मी आता काहीतरी बोलून बसणार होतो. तेवढ्यात लंकाबाई ओले हात पदराला पुसत गल्लीत आली. आरडाओरडा तिला आत ऐकू गेला होता.

"साहेब, पुसाया नका लावू," ती म्हणाली. "किती उन्हाळे झाले, मी तुमच्याकडं खिडकी मागती. आता पाडा ती. हितं." तिने बरोबर त्या कोऱ्या गोलावर हात ठेवला. "आण्णाचं नाव ऱ्हाऊ द्या. मत पडतं चिन्हाला. आन चिन्हाला जागाच नाय तर काय करत्यात? ह्यांनाबी कोन बोलनार नाय. भिंत तुमची, खिडकी तुमची."

वकीलसाहेब आधी भिंतीकडे बघत राहिले, मग लंकाबाईकडे. आणि एकदम हसत सुटले. जीपचा ड्रायव्हरही हसायला लागला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"वाळू, गवंडी बोलव," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि खोलीचं मी काही बोललोच नव्हतो."

गवंडी दुसऱ्याच दिवशी आला. आण्णांची माणसंही येऊन बघून गेली, पण मालकाने स्वतःच्या भिंतीत खिडकी पाडली तर पेंटरला काय बोलणार? निवडणुकीत पुढे वकील आणि आण्णा दोघेही सपशेल आपटले, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

खिडकी झाली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. लेक उजेडात पुस्तक घेऊन बसली होती आणि वाळू कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत होता. आदल्या दिवसापासून त्याने घास खाल्ला नव्हता.

"खोली ऱ्हायली ना गं?" त्याने पुन्हा विचारलं.

"ऱ्हायली," लंकाबाई म्हणाली. "आता पोरीला वाचू द्या. रडायचं आसंल तर भाईर जावा."