पानठेल्यापर्यंतचं अंतर

टेप मी वाकवला. गणित शिकवणाऱ्या माणसानं, भर दुपारी, विद्यार्थिनीच्या डोळ्यांदेखत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला काही उरत नाही.

मी मूळचा अमरावतीचा, नोकरी अकोल्यात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा नियम आहे. शंभर यार्ड म्हणजे साडेएक्क्याण्णव मीटरच्या जरा आत. शाळांनी सरळ रेषेत अंतर मोजून रस्त्यावर पिवळी रेघ मारावी, आतले ठेले आम्ही हटवू, असं महापालिकेचं पत्र आलं. मुख्याध्यापिका मॅडमनी काम माझ्यावर सोपवलं. गणिताचा मास्तर मी, व्यसनमुक्ती समितीचा प्रमुखही मीच. प्रमुखाच्या डाव्या गालात त्या क्षणी खर्रा होता, हे मॅडमना ठाऊक नव्हतं.

सुपारी, चुना आणि तंबाखू प्लास्टिकच्या कागदावर घोटून केलेला खर्रा वऱ्हाडात कोणाला नवा नाही. माझा पुदिन्याच्या वासाचा असे. सुगंधी तंबाखूला राज्यात बंदी, म्हणून ती ठेल्यावर बिस्किटाच्या डब्यात राहायची. पुदिन्यामुळे माणूस नुकताच दात घासून आल्यासारखा वाटतो. वर्गात उभं राहायला सोयीचं.

शाळेच्या फाटकासमोर एक मोकळा चौकोनी प्लॉट आहे. रस्ता त्याच्या दोन बाजूंनी वळसा घालून जातो, आणि बरोबर समोरच्या तिरप्या कोपऱ्यावर माझा नेहमीचा पानठेला. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं समितीतल्या आठवीच्या एका मुलीनं. ती सरळ प्लॉटमधल्या गाजरगवतात शिरली. मी तिला परत बोलावून रस्त्यानं मोजायला सांगितलं. बावन्न मीटर, कोपरा, पुन्हा बावन्न. एकशे चार. ठेल्याच्या बारा मीटर अलीकडे पिवळी रेघ पडली. त्या संध्याकाळी ठेलेवाल्यानं माझा खर्रा जरा जास्तच मन लावून घोटला.

आठवड्याभरानं वर्गात काटकोन त्रिकोण आला. टेप धरणाऱ्या त्या मुलीचा हात नेहमी प्रश्न संपण्याआधीच वर असायचा, तसा त्या दिवशीही होता.

"सर, त्या प्लॉटचा कर्ण काढला तं साडेत्र्याहत्तर मीटर येते. ठेला रेघेच्या आत पायजे."

उत्तर अचूक होतं. मी म्हणालो, "बाई, माणसं रस्त्यानं चालतात, चिमणीसारखी उडत नाहीत."

वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून तिचं नाव चिमणी पडलं. डबा खाताना चिमणी, कबड्डीत चिमणी. तिचा हात मात्र पुन्हा वर आला नाही. तो दिसेनासा झाल्याचं मला कळत होतं. मी फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ लिहू लागलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. ठेल्यामागे उभा राहून मी खर्रा चघळत होतो. एका सायकलवर आमच्या शाळेतली सातवीची दोन पोरं आली आणि मला न पाहताच म्हणाली, "काका, दोन सरवाले द्या."

पोरं पुड्या घेऊन गेली. सरवाला म्हणजे काय, मी ठेलेवाल्याला विचारलं.

"तुमचाच तं हाय, पुदिनावाला," तो कौतुकानं म्हणाला. "पोट्टे म्हंते, खुद्द सर खाते म्हंजे चांगलाच असन."

मी नालीकडे जाऊन तोंड मोकळं केलं. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मले वाटे तुमी मंजन बदललं."

मॅडमना सांगताना मी उभाच राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं, कपाटातून टेप काढला आणि टेबलावर माझ्याकडे सरकवला. त्या पोरांच्या पालकांना बोलावलं, तेव्हा सरवाला म्हणजे कोण, हेही मलाच सांगावं लागलं.

टेप धरायला मी त्याच मुलीला बोलावलं. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "रस्त्यानं का, सर?" मी नाही म्हणालो. गाजरगवतातून, सरळ. त्र्याहत्तर मीटर आणि थोडं वर. ठेलेवाला हात बांधून पाहत होता. "रेघ तुमीच मारली सर, आता तुमीच मिटवून राहिले," एवढंच तो बोलला. त्याचं खरंच होतं. पुढच्या आठवड्यात महापालिकेची माणसं आली, बिस्किटाचा डबा जप्त केला आणि ठेला हटवला. मी खर्रा सोडला. पहिला महिनाभर शेंगदाण्यांवर काढला आणि वजन वाढवून घेतलं.

तरी सगळ्यात अवघड काम राहिलंच होतं. ते मी आठ दिवस पुढे ढकललं. शेवटी एका सोमवारी आठवीच्या वर्गात फळ्यावर प्लॉट काढला, त्याचा कर्ण ओढला, खडू ठेवला आणि तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. ती उभी राहिली.

"तुझं उत्तर बरोबर होतं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. माझा ठेला वाचावा म्हणून मी टेप वाकवला. ते झाकायला सगळ्या वर्गाला तुझ्यावर हसवलं. माझं चुकलं, बेटा. मला माफ कर."