दरबारातला पेणचा गणपती

अंतराळयान वाफेवर चालतं, हे मला रोह्यात कळलं. मी धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर होतो. एका रविवारी सकाळी शेजारच्या भाभीच्या घरी रंगीत टीव्हीसमोर बसलो असताना दुसऱ्या ग्रहाकडे निघालेल्या यानाचा कप्तान एका चकाकत्या फळीपुढे उभा राहिला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "वेग वाढवा." फळीवर मधोमध एक गोल तबकडी होती. ती वाफेचा दाब मोजायची होती. तसल्या तबकडीकडे बघत मी कित्येक शिफ्ट काढल्या होत्या, त्यामुळे ओळखायला कष्ट पडले नाहीत. कुठल्या तरी भंगारवाल्याने ती स्टुडिओला विकली असणार. काटा मात्र शून्यावर होता.

"हे यान अजून स्टेशनातच आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला कोणी विचारलं नाही," भाभी म्हणाली. तिचा नवरा आखातात क्रेन चालवायचा आणि दोन वर्षांनी एकदा यायचा. त्यानेच हा टीव्ही आणला होता. मालकीण म्हणून कोणी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं हे तीच ठरवत असे.

माझ्या बडबडीला एकाच माणसाचा आधार होता. माझी मावशी. तिला टीव्ही दिसत नव्हता, म्हणून मी शेजारी बसून तिला सांगायचं असा रिवाज पडला होता.

मावशीने उभं आयुष्य पेणला गणपतीच्या कारखान्यात काढलं. ती आखणी करायची. मूर्तीचं सगळं रंगकाम उरकलं की शेवटी बारीक ब्रशने डोळे काढतात, ती आखणी. तोवर नुसता मातीचा नाहीतर प्लास्टरचा गोळा असतो. डोळे झाले की कारखान्यातली माणसंसुद्धा त्याच्याकडे पाठ करून बसत नाहीत. मावशीला मूलबाळ नव्हतं. काका गेले, नजर कमी झाली, ब्रश सुटला, आणि ती आमच्याकडे रोह्याला आली. डावा डोळा जवळजवळ गेलेला होता, उजवाही दुधाळ व्हायला लागला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, काढला की दिसेल, पण फार थांबलात तर उपयोग व्हायचा नाही.

मावशी तयार नव्हती. घाबरत होती असंही नाही. तिचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या कारखान्यात एक नियम होता: आखलेल्या डोळ्याला परत हात लावायचा नाही. रेघ चुकली तर मूर्ती बाजूला ठेवायची, ती गिऱ्हाइकाला द्यायची नाही, पण रेघ सुधारायची नाही.

"देवानं आखलेला डोळा हाय," ती म्हणायची. "त्याला परत कोनी हात लावायचा नाय."

"मावशी, डोळा आणि मूर्ती यात फरक आहे," मी म्हणायचो.

"तुला काय म्हायती? तू बॉयलर आखतोस काय?"

माझी बायको तिच्यापुढे रडून झाली, भाभीने आपल्या सासूचं ऑपरेशन झाल्याचा दाखला देऊन झाला. मावशी ऐकून घ्यायची आणि विचारायची, "टीव्ही लागला काय गो?"

तर असा आमचा रविवार. आधी राक्षसांची मालिका, मग अंतराळाची, मग इतिहासाची. मावशीने मला सुरुवातीलाच बजावलं होतं, "काय दिसतंय ते सांग. तुझं मत नको." हे मला जड जायचं. राक्षस हसायला लागला की मी सांगायचो, शिंगं आहेत, डावं शिंग थोडं सुटलंय. मावशी कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "ह्याला दमा हाय." पुढच्या महिन्यात तो राक्षस बदलला. दुसरा आला तो धाप न लागता हसायचा. मावशीला त्याचं काही नवल वाटलं नाही.

इतिहासाच्या मालिकेत माझी खरी परीक्षा असायची. वाचनाची खोड असल्यामुळे तीनशे वर्षांपूर्वीच्या दरबारात काय नव्हतं याची मला बऱ्यापैकी कल्पना होती, आणि दिग्दर्शकाला नेमकं तेच सगळं हौसेने मांडायचं होतं. झुंबरं होती. महाराज दोन पावलं चालले की कोणी तरी त्यांची बिरुदं म्हणायचा, तेवढ्यात ते परत दोन पावलं चालायचे. आमच्या कंपनीत मोठे साहेब यायचे तेव्हा झाडांच्या बुंध्यांना गेरू लावायचे आणि फाटकापासून ऑफिसपर्यंत माणसं हात बांधून उभी करायचे, त्याची मला आठवण व्हायची. फरक एवढाच की साहेबांची बिरुदं कोणी मोठ्याने म्हणत नसे, ती दारावरच्या पाटीवरच असत.

एका रविवारी महाराज मोहिमेवर निघायच्या आधी देव्हाऱ्यापुढे उभे राहिले. शंख वाजला, वीज चमकली, कॅमेरा देवावर गेला आणि तिथेच थांबला.

"देव कुठला?" मावशीने विचारलं.

"गणपती."

"दगडाचा?"

"दगडाचा कसला? पेणचा आहे."

बायको हसली. भाभी म्हणाली, "खरंच की. तुमच्या घरी चवथीला येतो तसाच आहे. महाराजांनी एसटीने मागवला वाटतं."

मावशी मात्र हसली नाही. ती सावरून बसली. "अंग?"

"गुलाबी. सोंडेवर जरा जास्त."

"पितांबर?"

"जांभळं, सोनेरी काठ."

"डोळे बघ."

महाराजांची शपथ लांबलचक होती. एरवी मी अशा शपथांना वैतागतो. त्या दिवशी तिच्यामुळे कॅमेरा हलला नाही आणि मला नीट बघता आलं. "चांगले आहेत," मी म्हणालो. "एका डोळ्याची वरची रेघ दुसऱ्यापेक्षा जाड आहे."

"कुठल्या?"

"डाव्या."

"तुझ्या डाव्या का त्याच्या डाव्या?"

मी पुन्हा बघून सांगितलं, "त्याच्या."

शपथ संपली, घोडे सुटले, मी घोडे सांगायला लागलो तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

घरी आल्यावर तिने ओट्यावर बसून सांगितलं. चवथीच्या आधीची गर्दी होती एका वर्षी. मूर्ती न्यायला टेम्पो दारात उभा होता. डावा डोळा काढताना तिला शिंक आली आणि रेघ हलली. मूर्ती बाजूला ठेवायला हवी होती. तिने ती ठेवली नाही. रेघेवर दुसरी रेघ ओढली, पहिली झाकली आणि मूर्ती रांगेत ठेवून दिली. टेम्पो मुंबईला गेला. कोणालाच कळलं नाही.

"मग माजा पन डावाच आधी गेला," मावशी म्हणाली.

बायकोने आणि मी एकमेकांकडे बघितलं. इतके महिने आम्ही तिला समजावत होतो ते ऑपरेशनचं. ती अडून बसली होती ती या हिशोबाने, आणि तो आम्हाला ठाऊकच नव्हता.

"तो गनपती हाच," मावशी म्हणाली. "जांभळं पितांबर, डावी रेघ जाड. मला वाटायचं, बिघडवला मी देव. कोनाच्या घरी गेला असंल, त्यांचं काय झालं असंल. आनि तो तर राजाच्या देव्हाऱ्यात बसलाय रे."

मी तोंड उघडलं. पेणहून दरवर्षी किती गणपती मुंबईला जातात आणि त्यांतल्या किती जणांचं पितांबर जांभळं असतं, हे मला सांगायचं होतं. शिवाय गेलेला गणपती दीड दिवसात नाहीतर दहा दिवसांत पाण्यात जातो, तो इतक्या वर्षांनी स्टुडिओत कसा सापडेल, असाही माझा बिनतोड मुद्दा होता. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तोंड मिटलं. तरी मावशीने ओळखलंच.

"विसर्जन म्हनतोस ना? शूटिंगवाले कुठं बुडवतात? पुरवून पुरवून वापरतात ते."

मग तिने आम्हा दोघांना अगदी साध्या आवाजात विचारलं. "परत हात लावलेला डोळा देवाला चालला. मग मला का नाय चालनार?"

"चालेल की," बायको म्हणाली आणि उगाचच आत जाऊन भांडी वाजवू लागली.

आम्ही तिला पेणलाच नेलं. डोळे आपल्या गावात उघडायचे, असा तिचा हट्ट होता. पॅसेंजरने गेलो. नागोठणं गेलं, कासूला गाडी नेहमीसारखी विनाकारण थांबली, आणि मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिला शेतं दिसत नव्हती, पण वारा कुठून येतोय यावरून ती स्टेशनं सांगत होती, आणि बरोबर सांगत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "हात हलू देऊ नका. शिंक आली तर आधी बाजूला व्हा." डॉक्टरांना काही कळलं नाही. ते हो म्हणाले.

आधी डावा झाला. हिरवी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. उजव्यासाठी काही महिन्यांनी यायला सांगितलं होतं. पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "टक्कल पडलं की रे तुला." आम्हाला एवढा आनंद झाला होता की मी तेही मान्य केलं.

इतिहासाची मालिका संपायची चिन्हं नव्हती. एका रविवारी महाराज पुन्हा देव्हाऱ्यापुढे आले. भाभीने मावशीसाठी खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली. "सरका गो," मावशी उगाचच म्हणाली, पुढे कोणीच नव्हतं. तिने काळा चष्मा काढला, उजवा डोळा तळहाताने झाकला आणि बघत राहिली. महाराज बोलत होते. या वेळी मला त्यांनी आणखी बोलावं असं वाटत होतं, पण कशासाठी ते सांगता आलं नसतं.

"हा माजा नाय," मावशी म्हणाली.

भाभीने टीव्हीचा आवाज बारीक केला.

"रेघ जाड नाय. ती सावली हाय, मुकुटाची. दिवा वर लावलाय त्यांनी." ती अजून बघत होती. "बुबुळ बघ, किती वर घेतलंय. आमच्याकडं असं कोन काढत नाय. पलीकडल्या आळीतलं काम हाय हे." आणि मग, थोडं नाइलाजाने, "पन बरं काढलंय."

माझी बायको माझ्याकडे बघत होती. पुढच्या आठवड्यात पेणला जायचं होतं, उजव्या डोळ्यासाठी. ज्या गणपतीच्या भरवशावर मावशी तयार झाली होती तो दुसऱ्याच कोणाचा निघाला होता. तिचा गणपती कुठल्या समुद्रात गेला आणि त्या घराचं काय झालं, ते होतं तिथेच राहिलं होतं. शेवटी भाभीनेच विचारलं, "मग आता, मावशी? उजव्याचं?"

मावशीने चष्मा पदराने पुसला आणि परत लावला.

"उजव्याचं काय? एक डोळा आखून मूर्ती कोन कारखान्याबाहेर धाडतो काय?"

त्या मालिकेच्या दिग्दर्शकाला मी ओळखत नाही. त्याला इतिहास येत नव्हता आणि दिवा कुठे ठेवावा हेही कळत नव्हतं. त्याने नीट पुस्तकं वाचून देव्हाऱ्यात दगडाची मूर्ती ठेवली असती तर माझी मावशी आंधळी झाली असती. तेव्हापासून मी झुंबरांबद्दल कोणाकडे तक्रार केलेली नाही.

उजवा डोळाही झाला. अंतराळाची मालिका तोवर चालूच होती. अंतराळ मोठं असतं. मावशीने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "तुजी ती तबकडी कुठं हाय, दाखव." मी बोट दाखवलं. कप्तानाने वेग वाढवायला सांगितलं. मावशीने दोन्ही डोळ्यांनी निरखून बघितलं.

"काटा शून्यावरच हाय," ती म्हणाली. "तरी पोचतायत बघ."