सड्यावरच्या वाडीत नळ इलो

मालवणजवळच्या एका ग्रामपंचायतीत मी बारा वर्षं क्लार्क आहे. आमच्या टाकीत पाणी फारसं साठत नाही, किस्से मात्र काठोकाठ! दुपारी डबे उघडले की कोणीतरी एक काढतो आणि त्याच्यामागून चार निघतात. बहुतेक सगळे सड्यावरच्या वाडीचे. सडा म्हणजे कातळाचा उघडा माळ. तिथून अख्खा समुद्र दिसतो आणि प्यायचं पाणी आणायला वीस मिनिटं खाली उतरावं लागतं. भरली कळशी घेऊन वर चढायला किती मिनिटं लागतात, त्याची आमच्याकडे नोंद नाही.

*

घरोघरी नळ द्यायची योजना आली. आमच्याकडे आधी नळ बसले, मग पाइप आले. पाणी सावकाश येणार होतं. तालुक्याहून साहेबांचा फोन आला, तो बाबलने घेतला. बाबल म्हणजे आमचा पाणी सोडणारा कर्मचारी.

"नळ बसले का?"

"बसले साहेब!"

"मग योजना पूर्ण."

"पण पाणी येवक नाय."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "फॉर्ममध्ये तो रकाना नाहीये."

झाली योजना पूर्ण!

*

त्यानंतर जनजागृती. 'पाणी जपून वापरा' असं भिंतींवर रंगवायचा आदेश आला. शांताकाकीची भिंत रस्त्याला लागून, म्हणून पहिला मान तिला. काकी सत्तरीची, एकटी राहते, मुलगा मुंबईला नोकरीत.

पेंटर म्हणाला, "काकी, रंग कालवूक वायच पाणी दी गो."

काकीने त्याच्या हातात रिकामी कळशी दिली. "बाव खाली आसा. माझ्यासाठीय भरून हाड."

भर उन्हात विहिरीवर जाऊन पेंटर धापा टाकत वर आला. अर्धी कळशी स्वतः प्यायला, उरलेली काकीला दिली, तळाच्या घोटभर पाण्यात रंग कालवला आणि एक शब्द लिहून निघून गेला.

भिंतीवर आजही एवढंच आहे: 'पाणी'.

*

मग खाली किनाऱ्यावर एक रिसॉर्ट झालं. त्यांनी बोअर मारली, स्विमिंग पूल भरला आणि त्याच उन्हाळ्यात शेजारची आमची सार्वजनिक विहीर खारट झाली. सरपंच शांताकाकीसकट चार बायकांना घेऊन मॅनेजरला भेटायला गेले. माणूस अत्यंत नम्र!

"काय करणार, आमच्या गेस्टना खारं पाणी सहन होत नाही हो. डोळे चुरचुरतात."

काकी म्हणाली, "मगे दर्यार कित्याक येतत?"

*

विहिरीची तक्रार वर गेली. वरून उत्तर आलं, पाण्याचा नमुना पाठवा. बाबलने बाटली भरून पाठवली. रिपोर्ट आला: पाणी पिण्यास योग्य. इकडे तोंडात धरवत नाही, आणि म्हणे योग्य!

मी विचारलं, "बाबल, नमुना कुठून घेतलास?"

"ऑफिसातल्या जारातसून."

"अरे, विहिरीचं पाणी मागितलं होतं ना!"

बाबल दुखावला. "मॅडम, मोठे साहेब तपासतले. तेंका खारा पाणी कसा देवचा?"

*

तो रिपोर्ट फाईलला लागला आणि विहीर खारट झाल्यापासून वाडीत येणारा सरकारी टँकर बंद झाला. योग्य पाणी असताना टँकर कशाला? त्या महिन्यात काकी चढावर पडली. हात मोडला. सगळी वाडी ग्रामसभेत येऊन बसली. सरपंचांनी बाटलीतलं पाणी पिऊन घसा साफ केला आणि ठराव वाचला: "पाणी हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे ही सभा एकमताने मानते."

टाळ्या पडल्या. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधलेली काकी उभी राहिली. दुसऱ्या हातात कळशी.

"हक्क न्येवक इलंय. खंय भरू?"

इतिवृत्तात मी लिहिलं, 'महिलांनी चर्चेत सहभाग घेतला.' दुसरं काय लिहिणार? पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हेही खरं.

*

आणि हा मागच्या मे महिन्यातला. ठरावानंतर बातमी पेपरात आली, म्हणून जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः पाहणीला यायचे ठरले. सरपंच आणि बाबल आदला दिवसभर गायब होते. दोघं कुठे आहेत, मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

साहेब आले. शांताकाकीच्या अंगणातल्या नळाला हार घातला होता. साहेबांनी तोटी फिरवली आणि काय सांगू! धो धो पाणी! टाळ्या, नारळ, फोटो. सरपंचांचे डोळे भरून आले.

साहेब तोटी बंद करायला वाकले, तर काकीने कळशी खाली सरकवली. "भरांदे."

ती भरली. मागे शेजारीण हंडा घेऊन उभी. तिच्या मागे सगळी वाडी! घागरी, बालद्या, टोप, प्लास्टिकचे ड्रम, एकीने तर नातवाचा आंघोळीचा टब आणलेला. कोणी भांडेना. एक भरलं की दुसरं पुढे. रांग साहेबांच्या गाडीला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेलेली, त्यामुळे गाडीही निघेना.

अर्धा तास झाला. सरपंच घड्याळ बघतायत, बाबल काकीच्या घरामागच्या काजूच्या बागेकडे बघतोय.

शेवटी साहेब म्हणाले, "आजी, आता बंद करा नळ. उद्याही पाणी येणारच आहे."

काकीने टब सरळ केला आणि शांतपणे सांगितलं,

"ऱ्हवांदे साहेब. टँकर रिकामो झालो काय आपसूक बंद होतलो."