कमलवहिनींच्या देव्हाऱ्यातली फ्लॉपी

श्रावणातल्या एका सकाळी कॉलेजच्या ऑफिसात फोन वाजला. मी तिथला हेडक्लार्क, म्हणून फोन माझ्याच टेबलावर. धुळ्याहून, देवपुरातून सुपडूचे शेजारी बोलत होते. "तुमचे मित्र गेले... पहाटे छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षा येईस्तोवर संपलंच." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. जिवाभावाचा माणूस गेल्याचं ऐकून मी म्हणालो काय, तर बरं. जळगावहून एसटीत बसलो तर पारोळा येईपर्यंत त्या एका शब्दाची लाज वाटत राहिली. रडू आलंच नाही. ते आता, अडीच महिन्यांनी येतंय, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

सुपडू शाळेत भूगोल शिकवायचा. आम्ही होस्टेलवर एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची दोस्ती. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि घरातलं जुनं पितळ मोडीत देऊन स्टीलचा सेट घ्यायचं कमलवहिनींनी ठरवलं. त्यात त्यांच्या लग्नातला, माहेरचा हंडा होता. काठावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, नाव कोरलेलं. हंडा जायच्या आदल्या दिवशी सुपडूनं त्या नावावर कागद ठेवला आणि वरून पेन्सिल घासली. नाव कागदावर उमटलं. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. म्हटलं, मास्तर, काय पोरखेळ लावलाय? तो म्हणाला, "भांडं मोडमा गयं ते जाऊ दे. नाव नको जावाले."

मग त्याला वेडच लागलं. रविवारी सायकलवर सोनगीरपर्यंत जायचा, ज्या घरातून पितळ मोडीत निघणार तिथं हजर. हंडे, घागरी, तपेल्या... कुणी कुणाला कोणत्या लग्नात दिलं ते कागदाच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहायचा. एक म्हातारी तर घागर सोडेचना. "मना बापनं नाव शे ते," असं म्हणत शेवटी ती बापाच्या नावाच्या कागदालाच मिठी मारून बसली. तिथून सुपडूनं नियम केला की चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि कागद ज्याचा त्याला परत द्यायचा. नाव त्या घरचं, आपल्याकडे ठेवायचा आपल्याला काय हक्क? मी म्हटलं, एक प्रत तरी ठेव. तो म्हणाला, "ठेवलीय की, सगळ्या जगाला दिसेल अशी."

ती म्हणजे त्याची वेबसाइट. फुकटात जागा देणारी कुठलीशी परदेशी कंपनी होती, तिथं त्यानं चाळीस पानं उभी केली. मोठ्या कौतुकानं मला सायबर कॅफेत नेऊन दाखवली होती. वहिनींना मात्र कधी नेलं नाही. त्या म्हणायच्या, तुमच्या त्या डबड्यात काय बघायचं, घरात पाणी भरायला हंडा नाही. कंपनीची अट एकच होती. दोन महिने मालक फिरकला नाही की जागा काढून घेणार. आणि आत शिरायचा परवलीचा शब्द एकट्या सुपडूला ठाऊक.

तेराव्याला वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, आबांचं नाव त्यात शे ना? माझा कागद वाळवीनं खाल्ला. ते तेवढं जाऊ देऊ नका." मी छाती काढून म्हणालो, वहिनी, ते माझ्यावर सोडा. जळगावला आलो, सायबर कॅफेत बसलो आणि चाळीसच्या चाळीस पानं एकेक करून फ्लॉपीत उतरवली. खात्री करायला तिथंच उघडून पाहिली. दिसली. आबांचं नावही दिसलं, खाली सुपडूचं तिरपं अक्षर. एक फ्लॉपी वहिनींना नेऊन दिली, एक माझ्यापाशी ठेवली. वहिनींनी ती दोन्ही हातांत घेतली, हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवली. मला काय वाटलं सांगू? वाटलं, दोस्ताचं ऋण फेडलं.

दसरा झाल्यावर ऑफिसात कॉम्प्युटर मोकळा होता म्हणून माझी फ्लॉपी घातली. पानं उघडली. प्रत्येक पानावर एक रिकामी चौकट आणि कोपऱ्यात लाल फुली. चाळीस चौकटी, चाळीस फुल्या. नाव एकही नाही. सुपडूचं अक्षर नाही. धावत कॅफेत गेलो. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, पान सेव्ह केलं की चित्रं येत नाहीत. ती वेगळी उतरवावी लागतात. त्या दिवशी तुम्हाला दिसली ती फ्लॉपीतली नव्हती, तिकडून, वेबसाइटवरूनच येत होती." मी म्हटलं, मग आता उतरवा. त्यांनी पत्ता टाकला. असं पान नाही, एवढंच इंग्रजीत आलं. मी तीनतीनदा टाकायला लावलं. दोन महिने उलटून गेले होते.

चित्रं तिकडं होती तोवर माझ्या हातात पाच आठवडे होते. पाच आठवडे मी फ्लॉपी कपाटात ठेवून मिरवत होतो. एकदा, फक्त एकदा ऑफिसातल्या, इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर घालून पाहिली असती... अडाणी असतो तर गोष्ट वेगळी, मी शहाणा समजत होतो स्वतःला. गेल्या रविवारी काही घरं फिरलो. एका ठिकाणी कागद फळीवर अंथरलेला, तेलानं काळा झालेला. दुसरीकडे, "कोणता कागद?" ती म्हातारीही गेली, आणि कागद तिच्यासोबतच गेला म्हणाले. पितळ तर केव्हाच वितळलं.

त्याच संध्याकाळी देवपूरला वहिनींकडे गेलो होतो, सांगायलाच गेलो होतो. त्यांनी चहा ठेवला. फ्लॉपीवर ताजं फूल होतं. म्हणाल्या, "दिवाळीला पोरगी आणि जावई येतील, जावयांनी कॉम्प्युटर घेतलाय. आबांचं नाव मी पहिल्यांदा बघीन, भाऊ. तेव्हा त्याला डबडं म्हणायची मी..." मी चहा प्यालो आणि परत आलो. उंबऱ्यापर्यंत दोनदा तोंड उघडलं, दोनदा चप्पल शोधायचं निमित्त केलं.

दिवाळीला आता दहा दिवस आहेत. पेपरची ही रविवार पुरवणी धुळ्यातही जाते, आणि रविवारी जेवणं झाली की वहिनी ती चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचतात, हे मला माहीत आहे. तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून हे लिहितोय, मित्राची आठवण म्हणून वगैरे नाही. वहिनी, जावयांसमोर ती फ्लॉपी काढू नका. तिच्यात आबा नाहीत, सुपडूही नाही.