कुमक निघाली आहे

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि चहा संपल्यावर विसरलो. पेशानं स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घरात कसला आवाज आला तर मी आधी पाइप तपासतो. त्यामुळे हे लिहायला संकोच वाटतोच... पण त्याहून जास्त वाटते ती लाज, आणि तिचा भुताखेतांशी काही संबंध नाही.

आम्हा काही मंडळींना ऐतिहासिक लढाया टेबलावर खेळायचं वेड आहे. बोटाएवढे रंगवलेले सैनिक, नकाशे, फासे. आमच्या बायका याला म्हाताऱ्यांची भातुकली म्हणतात. वर्षातून एकदा शनिवार-रविवार नारायण पेठेतलं एक मंगल कार्यालय घेतो, तेही पितृपंधरवड्यात, कारण तेव्हा लग्नं नसतात आणि कार्यालयवाले जरा माणसासारखे बोलतात.

गेल्या वर्षीची लढाई आमच्यातल्याच एकानं रचलेली होती. पेशवाईचा काळ, एक नदी, ती ओलांडायला एकच उतार, पलीकडे निजामाची फौज. खेळायची पद्धत अशी, की सरदारांनी एकमेकांना बघायचंसुद्धा नाही. प्रत्येकाला वेगळी खोली, मोबाइल पिशवीत जमा, जेवणाचं ताटही ज्याच्या त्याच्या दाराशी. पंच म्हणून प्राची होती, इतिहासात एमए करणारी मुलगी. खोल्याखोल्यांतून तोंडी निरोप न्यायचे आणि खालच्या हॉलमधल्या मोठ्या टेबलावर आमच्या हुकमानं सैन्य हलवायचं, हे तिचं काम. खोलीत मात्र ती यायची नाही. दाराला पडदा, ती पडद्याबाहेर उभी. तिला दोन्ही बाजूंचं सगळं ठाऊक असतं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळू नये म्हणून ही सोय.

मी सरसेनापती, वरपक्षाच्या खोलीत. अविनाश माझ्याच बाजूनं, नदीच्या उतारावर मूठभर पायदळ घेऊन. अव्या माझा शाळेपासूनचा मित्र, बिबवेवाडीतल्या एका शाळेत गणित शिकवतो. त्याला गच्चीजवळची वधूपक्षाची खोली मिळाली, त्यावरून रविवारी सकाळी पोहे खाताना मी पुरेसे पाणचट विनोद करून घेतले. तो हसला नाही. "ॲसिडिटी झालीय," म्हणाला. मी म्हटलं, "मिसळ कमी खात जा." एवढीच माझी विचारपूस.

माझा बेत साधा होता. अव्यानं उतार अडवून धरायचा, म्हणजे निजामाची सगळी फौज तिथे गोळा होईल, आणि माझं घोडदळ लांबून वळसा घालून त्यांचा उघडा तळ गाठेल. अव्याचे लोक त्यात कापले जाणार, हे बेतातच होतं. पण ते त्याला कळलं तर तो मागे सरकला असता, म्हणून सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर पडद्याबाहेर प्राचीचा आवाज आला. "काका, अविनाशकाका म्हणतायत, दाब वाढलाय. कुमक कधी पाठवताय?"

"सांग, कुमक निघाली आहे. धरून ठेव."

घोडदळ तेव्हा बरोबर उलट्या दिशेला चाललं होतं.

थोड्या वेळानं ती परत आली. "निम्मे लोक गेले म्हणतायत. मागे येऊ का, विचारलंय."

"नाही. कुमक निघाली आहे म्हणावं."

ती घुटमळली. घोडदळ कुठे आहे हे तिला माहीत होतं, तिनंच हलवलं होतं. "काका, शुअर? हेच सांगू?"

"पंचानं मत द्यायचं नसतं," मी म्हणालो. मला मजा येत होती. खोटं कशाला बोलू, फार मजा येत होती.

तिसऱ्यांदा निरोप आला तो एवढाच — "सुध्याला सांग, थांबलोय." सुध्या म्हणजे मी, शाळेपासून तो मला असंच म्हणतो.

चहाच्या आत तळ माझ्या हातात आला. खाली टाळ्या वाजल्या. अव्याला चिडवायला म्हणून मी वर गेलो, मागोमाग प्राची. दाराबाहेर त्याचं ताट झाकलेलंच होतं. आत पंखा चालू, नकाशावर चष्मा, आणि खुर्ची रिकामी.

तेवढ्यात कार्यालयाचे व्यवस्थापक धापा टाकत जिना चढून आले. "अहो, आपले मित्र हॉस्पिटलात आहेत. ताटं वाढायला घेतली तेव्हाच मागच्या जिन्यात छाती धरून बसलेले दिसले. मीच रिक्षात घालून नेलं. घरचे येईपर्यंत थांबलो, आत्ताच येतोय तिथून. वर सांगू नका म्हणाले, खेळ मोडेल."

"जेवणाआधी?" प्राचीचा चेहरा पांढराफटक पडला. "पण काका, मी जेवणानंतर तीनदा आले होते या दाराशी. त्यांचाच आवाज होता. आय स्वेअर! आणि उतारावरचं सैन्य... ते मी कुणाच्या हुकमानं हलवलं मग?"

अव्या वाचला. त्याची बायको, मीनावहिनी, म्हणाल्या, दुपारभर तो शुद्धीवर नव्हता, डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखंच बोलून दाखवलं होतं. संध्याकाळी कसा कोण जाणे, सावरला.

काही दिवसांनी मी त्याच्या उशाशी बसलो होतो. काही बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. मी जिन्याबद्दल, निरोपांबद्दल अवाक्षरही काढलं नाही, प्राचीही त्याला भेटली नव्हती. तोच आपणहून म्हणाला, "उतार धरला ना रे शेवटपर्यंत?"

मी खरं ते सांगून टाकलं. "अव्या, मी कुमक पाठवलीच नव्हती."

तो छताकडे बघत राहिला. "माहीत होतं. घोडदळ येतं तेव्हा आधी धूळ दिसते. मी सारखा डोंगराकडे बघत होतो. धूळ नव्हती."

आमच्या नकाशावर डोंगर म्हणजे पेन्सिलच्या चार रेघा होत्या.

"मग मागे का नाही आलास?"

"तू थांब म्हणालास ना," एवढं बोलून त्यानं डोळे मिटले.

त्या दुपारी पडद्यामागून कोण बोललं, मला ठाऊक नाही. वरच्या मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं, हे मी सगळ्यांना विचारून झालंय. तो मागे आला असता तर काय झालं असतं, याचाही विचार करून झालाय, आणि त्याचं उत्तर मला नकोच आहे. तो टिकला ते माझ्या थापेवर, आणि ती थाप आहे हे माहीत असून. याला काय म्हणायचं ते जाणकारांनी सांगावं. मला रात्री झोप लागत नाही एवढं खरं.

या पंधरवड्यात पुन्हा तेच कार्यालय घेतलंय. सरसेनापती अव्या आहे. नदीचा उतार मी मागून घेतलाय, आणि कुमक मागणार नाही.